शून्यं मोजून घातांक लिहिणारी मुलं: वैज्ञानिक रूपातली दरवर्षीची चूक आणि तिचा इलाज

सातवी-आठवीत घातांकाचे नियम शिकवून झाले की वैज्ञानिक रूप येतं, म्हणजे कोणतीही संख्या १ ते १० मधली एक संख्या गुणिले दहाचा घात अशी लिहायची. भाग दिसायला लहान, दोन तासिकांत संपतो. आणि दरवर्षी तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा येतो, त्यात निम्म्या वह्यांत हीच ओळ असते:

४,५०,००० = ४.५ × १०^४

(टाइप करताना घातांक वर बारीक लिहिता येत नाही, म्हणून १०^४ असं लिहिते आहे. दहाचा चौथा घात असं वाचा. हवं होतं १०^५.)

मी नाशिकमध्ये सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. एक तुकडी मराठी माध्यमाची, एक सेमी इंग्रजीची. चूक दोन्हीकडे तीच. फळ्यावर पुन्हा समजावलं, गृहपाठाला दहा उदाहरणं दिली, की आठ दिवस बरं चालतं आणि घटक चाचणीत चूक पुन्हा हजर. हीच मुलं दहावीत गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला ६.६७ × १०^-११ समोर आलं की हातपाय गाळतात आणि मग विज्ञानच अवघड आहे असं ठरवून टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अडचण विज्ञानाची नसतेच. सातवीत एक गोष्ट चुकीची डोक्यात बसलेली असते, ती कुणी काढलेली नसते.

आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहा

पुन्हा शिकवायला घेण्याआधी या पाच संख्या पाटीवर किंवा कागदाच्या चिठोऱ्यावर वैज्ञानिक रूपात लिहायला सांगा. नावं नकोत, मार्क नकोत.

७,००,०००
७,२०,०००
७,२३,४५६
०.०००७
०.००७०२

बहुतेक मुलांची पहिली संख्या बरोबर येते. दुसरीला ७.२ × १०^४ येतं. तिसऱ्या संख्येत शून्यच नाही, त्यामुळे काही मुलं ती रिकामी सोडतात, काही घातांक ० लिहितात आणि काही ७२३४५६ × १० असं काहीतरी लिहून मोकळी होतात. चौथ्या संख्येत गंमत आहे. दशांशचिन्हाआधीचं शून्य धरून चार शून्यं होतात आणि घातांकही -४ च आहे, म्हणजे शून्यं मोजणाऱ्याचं उत्तर आपोआप बरोबर येतं. तीच संख्या .०००७ अशी लिहून द्या, लगेच -३ येईल. पाचव्या संख्येत मधलं शून्य मोजायचं की नाही यावरून मुलं घोटाळतात.

पहिली आणि चौथी बरोबर, दुसरी, तिसरी, पाचवी चूक, असा नमुना दिसला तर निदान पक्कं समजा. मूल शून्यं मोजतंय. त्याला विचारून बघा, उत्तर सरळ मिळतं: "बाई, शून्यं चार आहेत ना, म्हणून चार."

ही सवय लावतं कोण? बऱ्याच अंशी आपणच. मी माझी जुनी टाचणवही काढून पाहिली. पहिल्या तासिकेला फळ्यावर लिहिलेली उदाहरणं अशी होती: प्रकाशाचा वेग ३,००,००० किलोमीटर प्रति सेकंद, मग ६,०००, मग ५०,००,०००. सगळ्या संख्यांत एकच अंक आणि पुढे नुसती शून्यं. अशा संख्यांत शून्यं मोजली की घातांक बरोबर येतोच. तोंडाने मी दशांशचिन्ह सरकवायचं सांगत होते, पण मुलांनी त्याहून सोपी वाट शोधली आणि माझ्या प्रत्येक उदाहरणाने ती वाट बरोबर ठरवली. तासिका संपेपर्यंत नियम पक्का झाला होता, फक्त तो मी शिकवलेला नव्हता.

म्हणून आता माझं पहिलं उदाहरण वरची तिसरी संख्या असते, ७,२३,४५६. मोजायला शून्यच नाही, त्यामुळे दुसरं काहीतरी बघावं लागतं.

घातांक सांगतो घर

घातांक शून्यांची संख्या सांगत नाही. पहिला अंक कोणत्या घरात बसलाय ते सांगतो. मुलांना हे सांगायला नवीन काही आणावं लागत नाही, कारण चौथीपासून ती वहीत स्थानिक किमतीचा तक्ता आखत आलेली असतात:

को, दल, ल, दह, ह, श, द, ए

कोटी, दशलक्ष, लक्ष, दशहजार, हजार, शतक, दशक, एकक. या अक्षरांखाली उजवीकडून आकडे लिहायला लावा. एककाखाली ०, दशकाखाली १, शतकाखाली २, हजाराखाली ३, दशहजाराखाली ४, लक्षाखाली ५, दशलक्षाखाली ६, कोटीखाली ७. इथे दोन मिनिटं थांबा. एककाखाली ० का, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. १०००, १००, १०, १ असं उतरत या, प्रत्येक पायरीला दहाने भाग जातो आणि घातांक एकाने कमी होतो: ३, २, १, ०. म्हणून १०^० म्हणजे १. "शून्य घात म्हणजे उत्तर शून्य" हा गैरसमज इथेच निघून जातो.

आता ७,००,०००, ७,२०,००० आणि ७,२३,४५६ या तिन्ही संख्या तक्त्यात एकाखाली एक भरायला सांगा. तिन्हींत ७ लक्षाच्या घरात. म्हणून तिन्हींचा घातांक ५. मागून शून्यं असोत की दुसरे अंक, घर बदलत नाही. माझ्या अनुभवात वर्गाला खरं समजतं ते या एका रकान्यात तीन ७ एकाखाली एक दिसले की. नुसतं बोलून ते होत नाही, तक्ता मुलांनी स्वतःच्या हाताने भरायला हवा.

मग तक्ता उजवीकडे वाढवा: दशांशाखाली -१, शतांशाखाली -२, सहस्रांशाखाली -३, दशसहस्रांशाखाली -४. ०.००७०२ मध्ये पहिला शून्येतर अंक ७ सहस्रांशाच्या घरात आहे, म्हणून ७.०२ × १०^-३. मधल्या शून्याचा प्रश्नच उरत नाही.

या तक्त्यात आणखी एक उलगडा होतो, जो मला स्वतःला बऱ्याच उशिरा झाला. तक्त्याचा मध्य दशांशचिन्ह नाही, मध्य एकक आहे. एककाच्या डावीकडे दशक, उजवीकडे दशांश. डावीकडे शतक, उजवीकडे शतांश. नावंसुद्धा जोडीने येतात. म्हणूनच सहा अंकी संख्येचा घातांक ५ असतो, एकाने कमी, आणि दशांशचिन्हानंतर चौथ्या जागी असलेल्या अंकाचा घातांक सरळ -४ असतो, एकाने कमी-जास्त काही नाही. "मोठ्या संख्येत एक वजा करायचा आणि लहान संख्येत नाही, असं का?" हे विचारणारं मूल हुशार असतं आणि त्याला बहुतेक वेळा "नियमच तसा आहे" असं उत्तर मिळतं. त्याला एकक दाखवा.

कान आधीच शिकलेला आहे

मागच्या वर्षी एका मुलीच्या वहीत ४.५ × १०^४ दिसलं. तिला जवळ बोलावलं आणि वही न दाखवता म्हटलं, ही संख्या मोठ्याने वाच. "साडेचार लाख," ती क्षणात म्हणाली. मग विचारलं, लाख म्हणजे दहाचा कितवा घात? तिने बोटांवर मोजलं: दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख. "पाचवा." मग साडेचार लाख म्हणजे? ती वहीकडे बघत राहिली, खोडरबर घेतलं आणि ४ चा ५ केला. मी बरोबर-चूक काहीच सांगितलं नव्हतं.

मराठीत मोठ्या संख्या आपण वैज्ञानिक रूपातच बोलतो. दीड लाख म्हणजे १.५ × १०^५. अडीच कोटी म्हणजे २.५ × १०^७. सव्वा लाख १.२५ × १०^५, पावणेदोन हजार १.७५ × १०^३. पुढे एक लहान संख्या आणि मागे घराचं नाव. घरात जागेचे, ट्रॅक्टरचे, द्राक्षबागेच्या खर्चाचे आकडे मुलं असेच ऐकतात. म्हणून तासिकेची पहिली पाच मिनिटं मी फक्त तोंडी घेते: मी "साडेसात हजार" म्हणते, मुलं हवेत बोटाने घातांक दाखवतात. तीन बोटं. "सव्वा कोटी." सात बोटं. सेमीच्या तुकडीलाही हे मराठीतच विचारते, कारण "सेव्हन पॉइंट फाइव्ह थाउजंड" असं घरी कुणी म्हणत नाही.

या युक्तीला एक मर्यादा आहे आणि ती आधीच सांगायला हवी, नाहीतर नवी चूक तयार होते. आपली बोलण्यातली नावं हजारानंतर दोन-दोन घरांनी उड्या मारतात: हजार, लाख, कोटी. मधल्या घरांना आपण दशहजार, दशलक्ष असं रोज म्हणत नाही. म्हणून "पंचेचाळीस लाख" ऐकून मूल ४५ × १०^५ लिहितं. किंमत चुकीची नाही, पण रूप पूर्ण झालेलं नाही. पहिला अंक दशलक्षाच्या घरात आहे, म्हणून ४.५ × १०^६. तसंच "पाऊण लाख" म्हणजे ०.७५ × १०^५ नव्हे, तर ७.५ × १०^४, कारण पंचाहत्तर हजारात ७ हा दशहजाराच्या घरात आहे. पाऊण आणि पंचेचाळीस, ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी घ्या. पुढची संख्या १ किंवा १ पेक्षा मोठी आणि १० पेक्षा लहान का हवी, ते यातून कळतं: पहिला अंक आणि घर, दोन्ही एका नजरेत दिसावीत म्हणून.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा नावं दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. तिथे एकही घर नावाशिवाय नाही. एक म्हणजे १०^० पासून मोजलं तर कोटी १०^७, अब्ज १०^९ आणि परार्ध १०^१७. माझ्या आजीला हे "एकं दहं शतं" म्हणून पाठ होतं. वर्गात फळ्याच्या वरच्या कडेला ही अठरा नावं आणि खाली ० ते १७ घातांक अशी पट्टी लावून ठेवा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. नाशिकहून सहल काढण्यासारखी जागा आहे.

दशांशचिन्ह सरकत नाही

"टिंब डावीकडे सरकवलं की घातांक वाढवायचा, उजवीकडे सरकवलं की कमी करायचा." हा नियम पाठ करणाऱ्या मुलांची परीक्षेच्या घाईत हमखास उलटापालट होते. माझं मत स्पष्ट आहे: हा नियम सुरुवातीला शिकवूच नये. घरं जागच्या जागी असतात, एकक आणि दशांश यांच्यामधलं चिन्हही जागच्या जागी असतं. दहाने गुणलं की अंक एकेक घर डावीकडे जातात.

हे आम्ही वऱ्हांड्यातल्या शहाबादी फरशीवर करतो. एकेका फरशीवर खडूने को, दल, ल... पासून सहस्रांशापर्यंत घरं लिहायची. एकक आणि दशांशाच्या फरशांमधल्या फटीवर मोठा ठिपका. चार मुलं हातात अंकांची पुठ्ठ्याची कार्डं घेऊन ४५०० होतात. "गुणिले दहा" म्हटलं की सगळे एक फरशी डावीकडे. "भागिले हजार" म्हटलं की तीन फरशा उजवीकडे. ४५०० वरून ४.५ वर यायला तीन फरशा ओलांडाव्या लागल्या, म्हणून ४५०० = ४.५ × १०^३. ज्यांनी अंगाने तीन फरशा ओलांडल्या, ती हे विसरत नाहीत.

एक सूचना, जी आम्हाला पहिल्याच दिवशी गोंधळ होऊन कळली. मुलं वर्गाकडे तोंड करून उभी राहिली तर त्यांचं डावं बघणाऱ्यांचं उजवं होतं आणि संख्या उलटी वाचली जाते. कार्डधारकांना बघणाऱ्यांकडे पाठ करून उभं करा आणि कार्ड डोक्यावर धरायला सांगा, कार्डाचं तोंड बघणाऱ्यांकडे.

ऋण घातांक म्हणजे ऋण संख्या नव्हे

दुसऱ्या नंबरची चूक ही. ३ × १०^-४ चं उत्तर -०.०००३ किंवा थेट -३०,००० येतं. ऋण चिन्ह दिसलं की मुलांना संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे जायची सवय असते. इथे तक्त्यातलं एकक पुन्हा कामाला येतं: ऋण म्हणजे एककाच्या उजवीकडे, शून्याच्या खाली नव्हे.

पण मला यात सगळ्यात उपयोगी पडला तो कागदाचा रिम. झेरॉक्सच्या दुकानातून ५०० कागदांचा न फोडलेला रिम आणा आणि मुलांना पट्टीने जाडी मोजू द्या. साधारण ५ सेंटीमीटर भरते, म्हणजे ५ × १०^-२ मीटर. ५०० म्हणजे ५ × १०^२. भागाकार केला की एका कागदाची जाडी १०^-४ मीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर. कागद हातात आहे, जाडी खरी आहे, बोटांना जाणवते. ती ऋण कशी असेल? मग विचारा, असे एक कोटी कागद एकावर एक ठेवले तर उंची किती? १०^७ × १०^-४ = १०^३ मीटर, एक किलोमीटर. नाशिकरोडला नोटांचा छापखाना असलेल्या गावात मुलं लगेच नोटांच्या थप्पीकडे वळतात, आणि त्यांना तिकडे जाऊ द्यावं.

ग्रामीण भागातल्या शाळांसाठी याहून जवळचं उदाहरण द्राक्षांचं आहे. दिंडोरी, निफाडकडच्या मुलांना निर्यातीच्या द्राक्षांची उर्वरित अंशाची तपासणी, म्हणजे घरी म्हणतात ती रेसिड्यू टेस्ट, ऐकून माहीत असते. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्यासाठी युरोपीय संघाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे १०^-६ किलो, म्हणून ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे १०^-८ किलो. दहा टन द्राक्षं, म्हणजे १०^४ किलो माल घेतला, तर त्यात चालणारं औषध १०^४ × १०^-८ = १०^-४ किलो, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. हे फळ्यावर आलं तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी गप्प बसणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणून पप्पा फवारणीचे दिवस मोजतात." त्या दिवसापासून त्याचं -८ कधी चुकलं नाही.

बेरजेत घातांकांची बेरीज

गुणाकाराचा नियम पक्का झाला की मुलं तो बेरजेलाही लावतात: ३ × १०^४ + २ × १०^३ = ५ × १०^७. यावर फार वेळ घालवू नका, मराठीत वाचायला लावा. "तीस हजार आणि दोन हजार, पाच कोटी होतील का?" मुलं स्वतःच "नाही" म्हणतात. मग घर सारखं करून लिहायचं: ३० × १०^३ + २ × १०^३ = ३२ × १०^३ = ३.२ × १०^४. मोठ्याने वाचणं हीच तपासणी.

गुणाकार-भागाकारात मात्र एक बारीक गळती असते. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे १.५ × १०^८. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०^५ किलोमीटर. भागाकार ०.५ × १०^३ येतो आणि मूल तिथेच थांबतं. ०.५ म्हणजे पहिला अंक अजून उजवीकडच्या घरात आहे, म्हणून ५ × १०^२. पाचशे सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद.

१०^६ आणि १०^९ जवळजवळ वाटणं

हे लक्षण चाचणीत दिसत नाही, बोलताना दिसतं. "९ × १०^४ मोठी की २ × १०^६?" विचारलं की बरीच मुलं ९ बघून पहिली सांगतात. ज्यांचं उत्तर बरोबर येतं, त्यांनाही सहा आणि नऊ हे दोन शेजारचे आकडेच वाटतात. फरक हजारपटीचा आहे, हे अंगात भिनायला सेकंद उपयोगी पडतात. १०^६ सेकंद म्हणजे साधारण साडेअकरा दिवस. १०^९ सेकंद म्हणजे एकतीस वर्षं आणि वर सुमारे आठ महिने. सातवीच्या मुलाचं वय बारा वर्षं आठ महिन्यांच्या आसपास असतं, ते जवळपास ४ × १०^८ सेकंद. प्रत्येकाला स्वतःचं वय सेकंदांत काढायला सांगा. वर्षात सुमारे ३.१५ × १०^७ सेकंद असतात, एवढं दिलं की बाकी ती करतात.

नाशिकला राहणाऱ्यांना दुसरं उदाहरण पावसाळ्यात रोजच्या वर्तमानपत्रात मिळतं. गंगापूर धरणाची क्षमता ५६३० दलघफू अशी छापलेली असते. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, आणि त्यातला "दल" तोच, जो मुलांच्या तक्त्यात ६ च्या डोक्यावर आहे. ५.६३ × १०^३ × १०^६ = ५.६३ × १०^९ घनफूट. एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, १०^९ घनफूट, म्हणून हेच ५.६३ टीएमसी. इथे काही मुलं ३ आणि ६ चा गुणाकार करून १०^१८ लिहितात. त्यांना हजार दशलक्ष म्हणजे किती कोटी ते विचारा, शंभर कोटीवर आली की १०^९ दिसतं. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी. ५.६३ × १०^९ × २.८३ × १०^१ केलं की १५.९ × १०^१० येतं, घर नीट केलं की १.५९ × १०^११ लिटर.

पूर आला की गावभर "किती हजार क्युसेक सोडलं" हीच चर्चा असते आणि सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला जातात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८.६४ × १०^४ सेकंद. मग एका दिवसात एक टीएमसी पाणी जायला किती क्युसेकचा विसर्ग लागेल? १०^९ ला ८.६४ × १०^४ ने भागलं की सुमारे १.१६ × १०^४, म्हणजे साडेअकरा हजारांच्या थोडं वर. जायकवाडीला किती टीएमसी सोडायचं यावरून मोठी माणसं तावातावाने बोलतात. आमच्या आठवीच्या मुलांना आता त्या आकड्यांचा अर्थ लागतो.

आणि पांडवलेणी. ज्या बेसाल्टात लेणी कोरली आहेत, तो दख्खनच्या ज्वालामुखींचा खडक सुमारे ६.६ × १०^७ वर्षं जुना. लेणी सुमारे २ × १०^३ वर्षांची. खडक लेण्यांच्या ३.३ × १०^४ पट जुना. सहलीला पायऱ्या चढून दम खात बसलेल्या मुलांना हा भागाकार तिथेच करायला दिला होता. एकीने भिंतीला हात लावून विचारलं, "तेहतीस हजार वेळा?" मी हो म्हटलं.

किरकोळ पण नेहमीच्या

वहीत १०^५ चं १०५ होणं. मागच्या बाकावरून फळ्यावरचा बारीक घातांक दिसत नाही, मूल दिसेल तसं उतरवतं आणि घरी गेल्यावर एकशेपाच वाचतं. घातांक वेगळ्या रंगाच्या खडूने आणि ओळीच्या चांगला वर लिहा. वहीत मुलांना घातांकाभोवती गोल करायला सांगितलं तर पहिल्या महिन्यात पुष्कळ चुका टळतात.

कॅल्क्युलेटरवर मध्येच ई अक्षर येणं. मुलांना वाटतं यंत्र बिघडलं. शाळेच्या कार्यालयात एक्सेलमध्ये विद्यार्थ्यांचे बारा अंकी आधार क्रमांक भरताना कप्प्यात १.२३४५७ई+११ असं दिसतं, तेही हेच. ई च्या पुढचा आकडा म्हणजे दहाचा घातांक, आणि बारा अंकी संख्येचा पहिला अंक ११ घातांकाच्या घरात. आधार क्रमांकासाठी कप्पा आधी टेक्स्ट करून ठेवावा लागतो. पण मुलांना मी तो कप्पा मुद्दाम तसाच दाखवते, खोटा क्रमांक टाकून.

स्वल्पविराम. सेमीच्या मुलांना इंटरनेटवर १५०,०००,००० दिसतं आणि वर्गात १५,००,००,०००. एकाने एका स्वल्पविरामामागे तीन घरं धरून दुसऱ्या संख्येचा घातांक काढला होता. घातांक काढताना स्वल्पविराम पुसून टाकायचे आणि तक्त्यात भरायचं, एवढंच.

दोन आठवड्यांनी पुन्हा बघा

इलाज झाल्यावर लगेच चाचणी घेऊन उपयोग नाही, त्या दिवशी सगळ्यांचं बरोबर येतं. दोन आठवडे जाऊ द्या, मध्ये दुसरा धडा शिकवा आणि मग न सांगता या पाच संख्या द्या: ३०,०४,०००, ८०.५, .०००६, ९९,९९९ आणि पाऊण कोटी. उत्तरं ३.००४ × १०^६, ८.०५ × १०^१, ६ × १०^-४, ९.९९९९ × १०^४ आणि ७.५ × १०^६.

३०,०४,००० ला कुणी १०^३ किंवा १०^५ लिहिलं, तर ते मूल अजून शून्यंच मोजतंय. शेवटची तीन मोजली की ३ येतं, सगळी मोजली की ५. ज्यांचं ६ आलं त्यांनाही "६ कसे?" हे तोंडी विचारा. "तीन दशलक्षाच्या घरात आहे" असं उत्तर आलं तर पुढे चला. ३ किंवा ५ आलं असेल, किंवा घर सांगता आलं नाही, तर त्या मुलाला मधल्या सुट्टीत दहा मिनिटं वऱ्हांड्यात न्या आणि फरशांवर खडूने पुन्हा को, दल, ल लिहायला त्याच्याच हातात खडू द्या.